मी दिव्याला बोट लावलेलं नाही

...नाही, पण मला एक सांगा, दिवा लावायचा कुणी? माणसानं की दिव्यानं? साधा प्रश्न आहे हो. गाडीच्या दुकानात विचारला तर तिथला पोरगा हसला, घरी विचारला तर मुलगी हसली, बायको हसली नाही, कारण ती गेली त्रेचाळीस वर्षं माझ्या प्रश्नांना हसतही नाही आणि उत्तरही देत नाही. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही खुर्चीत बसून चुकलाय, आता मधनं उठून जाणं बरं दिसणार नाही.

तुम्हाला सांगतो, सकाळचे साडेअकरा. डिसेंबर असला तरी ऊन पुण्याचं, डोकं तापवणारं. गाडी उड्डाणपुलाखाली शिरते, सावली धड पडलेलीसुद्धा नाही, तोच समोरचे दिवे लागतात. दोन्ही! पुलाखालनं बाहेर आलो, थोडं पुढं गेलो, की बंद. आणि मी बोट लावलेलं नाही! बोट सोडा, मी दिव्याचा विचारसुद्धा करत नव्हतो. मी विचार करत होतो, की रविवारच्या या गर्दीत मार्केट यार्डात गाडी लावायची कुठं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तुमच्यासाठी नसेल. पण मी यज्ञेश्वर, वय एकाहत्तर, राहणार नारायण पेठ, मी चौतीस वर्षं दिवे लावलेत. हातानं. नोकरीच होती माझी, दिवाबत्ती खात्यात वायरमन. खांबाच्या बुडाशी लोखंडी पेटी असते बघा, जिच्यावर कप ठेवून लोक चहा पितात, त्या पेटीत खटका असायचा. संध्याकाळी सायकल काढायची, पेटीचं कुलूप उघडायचं, खटका वर करायचा, गल्ली उजळली की नमस्कार करायचा, कुलूप लावायचं, सायकल, पुढची पेटी. अशा बत्तीस पेट्या. बत्तीस खटके, बत्तीस नमस्कार, रोज.

नमस्कार का? तिन्हीसांजेला दिवा लागला की आपल्याकडे घरोघर हात जोडतात, ते आहेच. पण मला तो लावला आमच्या कोंडीरामनं. कोंडीराम अकोल्याकडचा, खात्यात मला पाच वर्षं सीनियर. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दिवा लागला का हात जोडाचे, बावा. जोडेल हात वायरीत जात नाही." बघा म्हणजे! पेटी उघडी, आत जिवंत तारा, दिवा लागल्याच्या आनंदात माणूस हात कुठंही टेकवतो. हात जोडले की दोन्ही हात पेटीबाहेर. भक्तीची भक्ती आणि जीव वाचला तो वेगळा. चौतीस वर्षांत मला एकदाही शॉक लागला नाही, आणि आता तर असं झालंय, की दिवा लागताना दिसला की हात मला विचारत नाहीत. आपोआप जुळतात. ते कोंडीरामचंच ऐकतात अजून.

आणि वेळ? दिवे लावायची वेळ आम्हाला कोण सांगायचं? तक्ता. वर्षातल्या तीनशे पासष्ट दिवसांच्या सूर्यास्ताचा छापील तक्ता, मला अजून पाठ आहे, विचारा कुठलीही तारीख... नका विचारू, मी सांगत बसेन. पण गंमत काय, तक्ता सूर्याचा होता, अंधाराचा नव्हता. ऑगस्टातली एखादी दुपार अशी यायची की चारलाच काळंकुट्ट, माणूस माणसाला दिसेना, आणि तक्त्यात काय? सात वाजून बारा मिनिटं. मी आपला पेटीपाशी घड्याळ बघत उभा. एकदा समोरच्या घरातले आजोबा खाली आले, माझ्या हातात कंदील दिला, म्हणाले, "धरा. तुमच्या तक्त्याला अंधारात वाचता येत नसेल." आणि गेले वर. कंदील न्यायला परतसुद्धा आले नाहीत.

आणि इथं या गाडीत काय? पुढच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागं, वाटाण्याएवढा एक डोळा चिकटवलाय. त्याला तक्ता नाही, साहेब नाही, सही लागत नाही. तो नुसता बघतो. उजेड कमी झाला, लाव. उजेड आला, बंद कर. बरं, उतावळा नाही हो! एका झाडाखालनं गेलात म्हणून लगेच लावत नाही. क्षणभर थांबतो, ही झाडाची सावली आहे का खरंच अंधारतंय हे बघून घेतो, आणि मग निर्णय. आणि निर्णय घेतला की काम झालेलं. मी खात्यात चौतीस वर्षं काढली, बघून, थांबून, विचार करून, लगेच काम करणारा माणूस मला एकही भेटला नाही. तो मला वाटाण्याएवढा भेटला.

आता ही गाडी आली कुठनं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पेन्शनीत घेतली. आमची जुनी गाडी होती बावीस वर्षांची, ती गेल्या दिवाळीत विकून टाकली. आता बावीस वर्षं मी दर रविवारी आनंदीला, म्हणजे आमच्या हिला, त्या गाडीतनं सासवडला न्यायचो. सासवडला हिची थोरली बहीण, सुशीलाताई. दोन वर्षं झाली, ताई अंथरुणावर आहेत. ही जाते, त्यांचे केस विंचरते, वेणी घालते, दोन घास भरवते, आठवड्याचं काय काय सांगते, परत येते. बस, एवढंच. पण ते एवढंच गेलं तर दोघींचं फार जाईल हो. एसटीची पायरी हिच्या गुडघ्यांना उंच पडते, आणि रिक्षावाला सासवड म्हटलं की असं बघतो, जसं काही मी त्याला काशीला चल म्हटलंय.

तर आमची मुलगी अस्मिता, विश्रांतवाडीला असते, कंप्युटरमध्ये आहे, तिनं ही नवीन गाडी घेतली. म्हणाली, आमच्याकडे एक आहेच, ही नारायण पेठेत राहील. मी म्हटलं, दे किल्ली. तर म्हणाली, थांबा. आणि मग पोटच्या पोरीनं माझी परीक्षा लावली.

"बाबा, एक रविवार मी शेजारी बसणार. जाताना ऊन, येताना अंधार. मला पटलं तर किल्ली तुमची. नाही पटलं तर हट्ट करायचा नाही."

मी म्हटलं, अगं, तुला सायकलच्या दांडीवर बसवून मी बत्तीस पेट्या फिरवल्यात. म्हणाली, सायकलला विमा लागत नाही.  माझीच मुलगी.

पण त्याच्या आधी गाडीच्या दुकानातलं ऐका. तिथं प्रज्ञेश नावाचा मुलगा, गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो. मला म्हणाला, "काका, हे ऑटो हेडलॅम्प्स, प्लस ॲडॅप्टिव्ह. तुम्हाला काहीच करायचं नाही, जस्ट रिलॅक्स." मी म्हटलं, दाखव. त्यानं बाहेरनं काचेवर, त्या डोळ्याच्या जागी, तळहात ठेवला. एक... दोन... आणि भक्कन दिवे! दुकानात लख्ख उजेड असताना! गाडीला वाटलं रात्र झाली! आणि मी बोट लावलेलं नाही, तिच्यात कुणी बसलेलंसुद्धा नाही! माझे हात जुळले. शेजारी आनंदीचे जुळले. अस्मिता कंप्युटरवाली खरी, पण वाढली नारायण पेठेत, तिचेही अर्धे वर गेले, मग तिनं केस सारखे केले. प्रज्ञेशला वाटलं आम्हाला पूजा करायचीय, तो पळत जाऊन नारळ घेऊन आला. मी म्हटलं, अरे, हा रोजचा नमस्कार आहे, याला नारळ लागत नाही. तो म्हणाला, "काका, तो कॉम्प्लिमेंटरी आहे." घेतला.

बरं, गाडी दाराशी आली त्या दिवशी आणखी कमाल. अस्मितानं गाडी लावली, बंद केली, कुलूप केलं, वर आली, तोवर समोरच्या घरातल्या रावसाहेबांची हाक. रावसाहेब म्हणजे आमच्या गल्लीचे न नेमलेले इन्स्पेक्टर. "यज्ञेश्वर, गाडीचे दिवे चालू आहेत. बॅटरी घ्यायची हौस असेल तर असू द्या." मी तीन जिने उतरलो, तर दिवे बंद! वर गेलो. अस्मिता म्हणाली, बाबा, आपण दारापर्यंत अंधारात ठेचकाळू नये म्हणून ती थोडा वेळ उजेड धरते आणि मग आपली आपण मालवते. उजेड धरते! आम्हाला जिन्यापर्यंत पोचवते! अहो, पाहुणे गेले की पहिल्या पायरीवर असतानाच जिन्यातला दिवा बंद करणारी आमची गल्ली, आणि तिथं ही गाडी आलीय.

तर, परीक्षेचा रविवार. मी स्टिअरिंगला, अस्मिता शेजारी, आनंदी मागं. क्लच नाही, गिअर नाही, किल्लीसुद्धा फिरवायची नाही, ती खिशातच राहते, डाव्या पायाला काही कामच नाही, तो बिचारा निवृत्त झाल्यासारखा बाजूला पडलेला. स्वारगेटकडे आलो, आणि मघाशी सांगितलं तो पूल. गाडी सावलीत शिरली, समोरच्या तबकडीवर दिव्याचं हिरवं चिन्ह लागलं, पुढच्या टेम्पोच्या मागच्या पत्र्यावर आमचा उजेड पडला...

आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून छातीशी.

जुन्या गाडीत असं कधी व्हायचंच नाही हो! तिथं खटका मी ओढायचो. गाडी बाजूला घ्यायची, उभी करायची, खटका ओढायचा, नमस्कार करायचा, मग पुढं. सगळं रीतसर. इथं दिवा कधी लागणार हे मला माहीतच नाही! बोट मी लावलेलं नाही, मग बेत तरी कसा करणार? पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, 'हात स्टिअरिंगवर ठेवा', आणि तेच अस्मिता मराठीत म्हणाली, जरा मोठ्यानं. तिनं डाव्या बाजूनं हात घालून स्टिअरिंग धरलं होतं. नशीब, पुढचा टेम्पो मुंगीच्या चालीनं चालला होता आणि आम्ही त्याच्या मागं. मागच्या सीटवर मात्र आनंदीचे हात जुळलेलेच होते, तिचा नमस्कार सावकाश चालतो.

 पुढच्या चौकापर्यंत अस्मितानं स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. मग एकच वाक्य बोलली, "पुन्हा एकदा झालं, की किल्ली मी घेऊन जाणार." मी म्हटलं, होणार नाही. मनात म्हटलं, यज्ञेश्वरा, एकाहत्तर वर्षांत इतकी साधी परीक्षा कुणाला पडली नसेल. हात नुसते धरून ठेवायचेत.

मार्केट यार्डात आनंदीनं ताईंच्या घरासाठी कांद्याची पोती घेतली, दोन, आणि गुळाच्या ढेपा. हमालानं डिकीत आदळली, गाडीचं बूड बसलं, नाक वर. आता जुनी गाडी असती तर दिवे थेट आभाळाकडे, समोरच्याच्या डोळ्यांत आणि वर घारींच्या डोळ्यांत. मी अस्मिताला तसं म्हटलं. तर ती म्हणाली, बाबा, हिला कळतं. चाकांपाशी काहीतरी बसवलंय, मागं किती दबली पुढं किती उचलली ते मोजतं, आणि दिव्याच्या मागं बारीक मोटर आहे, ती दिवा तेवढा खाली वाकवते. अहो, मला भरून आलं. कांदा डिकीत आणि विनय दिव्यात! आमच्या खांबावर दिवा जरा वाकडा बसला, तर शिडी, दोन माणसं, अर्ज, आणि तरी लोक सहा महिने म्हणायचे, यज्ञेश्वर, तुमचा दिवा आमच्या स्वयंपाकघरात बघतो.

सासवडला पोचलो. जेवलो. आनंदीनं ताईंची वेणी घातली. निघताना ताईंनी हिचा हात धरला, म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येशील ना गं?" आनंदीनं अस्मिताकडे नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हातांकडे बघितलं.

निघालो पावणेसहाला. सूर्यास्त सहाच्या आसपास, तक्ता पाठ आहे म्हणून सांगतो. पुढं बोपदेव घाट, रस्त्यावर एक खांब नाही, एक पेटी नाही, घाटानं कधी दिवाच बघितलेला नाही. मी स्टिअरिंग असं धरलं होतं, की बोटांची पेरं पांढरी. आता लागेल... आता लागेल... उजेड कमी होतोय, शेतं निळी पडतायत, आणि मी त्या हिरव्या चिन्हाच्या जागेकडे असा बघतोय, जसा परीक्षेचा निकाल लागतोय. अस्मिता माझ्या हातांकडे बघतीये. आनंदी दोघांकडे बघतीये. रस्त्याकडे कोण बघत होतं, देव जाणे. गाडीच बघत असणार.

सहा वाजून चार मिनिटांनी लागला. आमच्या तक्त्यात सहा-दहा होतं. पण डोंगराची सावली आधी आली ना! तक्त्याला डोंगर माहीत नव्हता, हिला दिसला. दिवा लागला, माझे दंड शिवशिवले, खांदे शिवशिवले, पण हात स्टिअरिंगवरनं सुटले नाहीत. मी मनातल्या मनात नमस्कार केला. पास! आनंदीनं मागनं हळूच खोकल्यासारखं केलं, तो शाबासकीचा खोकला असतो.

आणि मग, तुम्हाला सांगतो, मी जे बघितलं ना... चौतीस वर्षं दिव्यांत काढलेल्या माणसानं सांगावं, मला दिवा काय असतो ते त्या घाटात कळलं.

पहिलं वळण आलं. मी स्टिअरिंग वळवायला घेतलं, आणि उजेड माझ्या आधी वळला! म्हणजे गाडी अजून सरळ, आणि दिव्यांनी मान वळवून वळणाच्या आत बघितलं. डावीकडची दरड उजळली, गवत दिसलं, दगडांना फासलेला चुना दिसला. आजवर घाटात आपला उजेड कुठं जायचा? सरळ. दरीत. जिथं जायचं नाही तिथं झक्क उजेड आणि जिथं जायचंय तिथं अंधार. बावीस वर्षं मी बोपदेव घाट अंदाजानं उतरलो! आनंदीला मागं बसवून, अंदाजानं! हे त्या दिवशी कळलं आणि उतारावर मला घाम आला.

समोरनं एसटी चढत आली. मी सवयीनं डिपर द्यायला बोट उचललं, अस्मिता म्हणाली, राहू द्या, बघा फक्त. मी बघितलं. आमचा उजेड अप्परवरच, दोन्ही बाजूंची झाडं शेंड्यापर्यंत लख्ख, आणि मधोमध, बरोबर त्या एसटीपुरता, एक चौकोन काळा झाला. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर जणू कुणी आडवा हात धरला. एसटी पुढं सरकली, चौकोन तिच्याबरोबर सरकला. वळली, तोही वळला. एसटी गेली, चौकोन मिटला, पुन्हा लख्ख! आणि मी बोट लावलेलं नाही! त्या एका दिव्यात बारीक बारीक कितीतरी दिवे आहेत म्हणे, ओळीनं, आणि आरशामागचा कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे ओळखतो आणि तेवढेच तेवढे मालवतो. दुसऱ्याच्या डोळ्यात जाणारा उजेड तेवढा काढून घ्यायचा, बाकी सगळा द्यायचा! आमच्या खात्यात गल्लीतल्या एकाची तक्रार आली, तर अख्खी गल्ली अंधारात जायची.

मागनं आनंदी म्हणाली, "अहो, त्या ड्रायव्हरला कळलं का, आपण त्याला सांभाळलं ते?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, बरंय. तसंच असावं.

आणि चौथं का पाचवं वळण. दिव्यांनी मान वळवली, आणि वळणाच्या पलीकडं रस्त्यात दगड. ओळीनं पाच-सहा दगड आणि एक तोडलेली फांदी. त्याच्यापुढं बंद पडलेला टेम्पो, ना दिवा ना लाल कागद. मी ब्रेक दाबला, सावकाश, गाडी आरामात थांबली, दहा हात अलीकडं. जुन्या दिव्यात ते दगड मला चाकाखाली आल्यावर दिसले असते. अस्मितानं श्वास सोडला, म्हणाली, "छान, बाबा." दोन शब्द! पण आमच्याकडे 'छान' असं सहज म्हणत नाहीत, 'बरं झालं' इथपर्यंतच येतात. मी टेम्पोच्या बाजूनं गाडी काढली. मला वाटलं, मिळाली किल्ली. पुढचा रविवार मिळाला, त्याच्या पुढचा मिळाला, सगळे मिळाले.

घाट उतरलो. खाली येवलेवाडीकडं सगळा अंधार, लाइट गेली होती. दुकानांत मेणबत्त्या, मोबाइल. खांब नुसते उभे, काळे. मी ताशी तीसनं चाललोय, हात स्टिअरिंगवर घट्ट, गाडीचा दिवा लागून अर्धा तास झालेला, आता नवीन दिवा कुठनं लागणार? मी निवांत. आणि त्या क्षणी लाइट आली.

एक नाही हो... अख्खी ओळ! पार लांब, कोंढव्यापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, एकदम! एवढे दिवे एकदम लागताना मी नोकरीतसुद्धा कधी समोरून बघितले नव्हते, कारण मी कायम पेटीत डोकं घालून असायचो. मी फक्त मागं वळून बघायचो. आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या तोंडावर लागले. सगळे. काय सांगू तुम्हाला...

हात गेले. दोन्ही. मला कळलंसुद्धा नाही.

गाडी डावीकडे ओढली गेली, चाक डांबरावरनं खडीत उतरलं, अस्मितानं स्टिअरिंग हिसडलं, मी ब्रेक मारला. थांबलो. समोर दोन हातांवर खांब. दिव्याचाच.

 कांद्याची दोन सालं मागनं पुढं उडून आली होती, ती मी उचलली. आनंदी ठीक होती, अस्मिता ठीक होती, गाडीला ओरखडा नाही. अस्मितानं हातसुद्धा पुढं केला नाही हो. मीच खिशातनं किल्ली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"घे. मागं तुझी आई बसली होती."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं. हात माझे, चौतीस वर्षं मला सांभाळलेले, आणि आता त्यांच्यावरच विश्वास नाही. गाडीचा दोष नाही, ती सांगत होती, हात ठेवा, हात ठेवा. अस्मिता डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती धूळ गेली. मला दिसत होतं फक्त एक, सुशीलाताईंनी धरलेला आनंदीचा हात. पुढच्या रविवारी येशील ना?

आणि मागनं आवाज आला. "मी शिकते."

आम्ही दोघांनी मागं बघितलं. ही म्हणाली, तीस वर्षं लूना चालवलीय मी, शाळेत शिकवायला जाताना, लक्ष्मी रोडवरनं. क्लच नाही म्हणता, गिअर नाही म्हणता, दिवे आपले आपण लागतात, वाकतात, वळतात, मिटतात. मग राहिलं काय? मी म्हटलं, अगं, पण नमस्कार? तू पण करतेस की! तर म्हणाली, "मी मान लववीन." मान लववीन! हात स्टिअरिंगवर, मान खाली, झाला नमस्कार! अहो, इतकं सोपं होतं? मला का नाही सुचलं? गाडीला मी अर्धा तास मनातल्या मनात हात जोडत होतो, समोरचं बघून स्वतःला वळवते म्हणून, आणि तशीच एक त्रेचाळीस वर्षं माझ्या घरात होती.

तीन महिन्यांत शिकली, तोवर रविवारी अस्मितानं कसंबसं जमवून नेलं. सदुसष्टाव्या वर्षी. लायसन्सची टेस्ट पहिल्या फटक्यात पास, इन्स्पेक्टरनं म्हणे विचारलं, आजी, आधी चालवायचात का, तर म्हणाली, नाही, आधी मागं बसून सांगायचे. आता दर रविवारी आम्ही सासवडला जातो. ही उजवीकडे, मी डावीकडे. घाटात चालवते ती अशी, की मी तोंडात बोट घालून बघत बसतो. दिवा लागला की मान लववते, वळण आलं की दिवे वळतात, ही वळते, समोरच्याच्या डोळ्यांवर सावली, आणि ताईंची वेणी एक रविवार चुकलेली नाही.

परवा घाटात समोरनं गाडी आली. मला राहवलं नाही, म्हटलं, अगं, डिपर दे. म्हणाली, "ते गाडी बघते." म्हटलं, वळण आहे. "ते दिवे बघतात." म्हटलं, ब्रेकवर पाय ठेव. "ते मी बघते." मग मी म्हटलं, आणि मी? मी काय करू?

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "अहो, तुम्ही डोळे मिटून पडा. सासवड आलं की उठवते."

आता काय करणार? पडतो. आणि तुम्हाला सांगतो... झोप लागते हो.